हात लावायचा नाही

आमच्या भावजींना त्यांच्या ऑफिसात 'नामंजूर' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ऑफिसात पाठीमागे बोललेलं बायकोच्या बहिणीपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, घरांच्या विम्याचे सर्व्हेअर. कोणाच्या घराला आग लागली, छत खाली आलं, नळ फुटून खोल्या भिजल्या, की विमा कंपनी ह्यांना पाठवते. हे जातात, बघतात, फोटो काढतात आणि घरमालकाला भरपाई का मिळू नये ते शोधून परत येतात. ती का मिळावी हे शोधणंही त्यांच्या कामात बसतं म्हणे, पण त्या बाजूचा त्यांना सराव नाही.

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीत माझ्याही पायाशी एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की मी तो दाबते. असा एक ब्रेक भावजींच्या जिभेला बसवून घे, असं मी ताईला तिच्या लग्नापासून सांगत आले आहे. ताई हसायची. तिचा स्वभाव गरीब आहे, आणि गरीब स्वभावाची माणसं नेमकी अशा माणसांच्या वाट्याला का येतात हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

कोणाच्याही घरी गेलं की आपण आधी माणसांकडे बघतो. भावजी आधी छताकडे बघतात. मग गप्पा मारता मारता बोटांची पाठ भिंतीवरून फिरवून ओल आहे का ते चाचपतात. मी घर घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, छान आहे, उजेड भरपूर आहे. भावजींनी फ्रीजच्या मागे डोकं घातलं, हुंगलं, आणि बाहेर येऊन विचारलं, "वायरिंग कोणी केलं?" त्यानंतर मी रात्रभर जागी होते आणि वायरिंग मात्र आजतागायत उत्तम चाललं आहे.

त्यांचं एक वाक्य गावभर प्रसिद्ध होतं. जळलेल्या नाहीतर भिजलेल्या घरातलं माणूस दारापर्यंत मागोमाग यायचं आणि विचारायचं, "पण साहेब, कारण काय?" भावजी बुटाची नाडी बांधत, मान वर न करता म्हणायचे, "कारण पत्राने कळवू." माझ्या गल्लीतल्या दोन घरांच्या दारात हा प्रश्न आणि हे उत्तर मी स्वतः ऐकलंय. हेच वाक्य ते घरीही वापरत. भाची लहान असताना शाळेच्या सहलीला जाऊ का म्हणून विचारायची. "नामंजूर." "का, बाबा?" "कारण पत्राने कळवू." तेव्हा ती खिदळायची. पुढे ती मोठी झाली आणि तिचं खिदळणं थांबलं. भावजींचं वाक्य तेच राहिलं.

आता सिनेमांचं सांगते, कारण खरी मेख तिथे आहे.

वर्ष संपताना सुट्टी लागते आणि टीव्हीवर ते ठरावीक सिनेमे सुरू होतात. तुम्हीही पाहिले असतील. एक भलंमोठं घर असतं. दिव्यांच्या माळा असतात. लांब गेलेली मुलं एकेक करून परत येतात, सोबत एखादा खोडकर कुत्रा किंवा एखादा उपद्व्यापी काका असतोच. मग त्या घराची पार वाट लागते, आणि वाट लागलेल्या घरात सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात. ताईला हे सिनेमे जीव की प्राण. वर्षभर ती हू की चू करत नाही, पण सुट्टीत संध्याकाळी टीव्ही तिचा.

टीव्ही तिचा, पण रिमोट भावजींचा. घराची वाट लागायला सुरुवात झाली की भावजी चित्र थांबवायचे. उठून टीव्हीजवळ जायचे आणि पडद्यावर बोट ठेवून आम्हाला समजावायचे. एका सिनेमात एका हौशी बापाने घरावर इतके दिवे लावले की अख्ख्या गल्लीची वीज गेली आणि कौलं खाली आली. बायको रडत होती, मुलं बापाला बिलगली होती. भावजी म्हणाले, "घरगुती मीटरवर एवढा भार? गेला क्लेम." दुसऱ्या एकात नायिका केक भट्टीत ठेवते, तेवढ्यात दारात नायक येतो, दोघं एकमेकांकडे बघत राहतात आणि मागे स्वयंपाकघर पेटतं. ताईच्या डोळ्यांत पाणी. भावजींनी चित्र थांबवलं. "अपघात अचानक घडावा लागतो," ते म्हणाले. "हे दोघं सव्वा तास प्रेमात पडतायत. पुरेशी पूर्वसूचना होती."

हरीण घरात शिरून काचेची कपाटं फोडतं, तिथे "वन्य प्राणी वगळलेले आहेत." वादळात झाड पडून आजोबांचं अतिथिगृह मोडतं आणि सगळं गाव हातोडे घेऊन दुरुस्तीला धावतं, तिथे तर त्यांना अक्षरशः घाम फुटला. "ह्यांच्यात परवानाधारक मिस्त्री एक तरी आहे का? हे छत पुढच्या वर्षी पडेल तेव्हा ह्यांना कोणी दारात उभं करणार नाही." मी म्हटलं, "भावजी, ते लोक गाणं म्हणतायत." ते म्हणाले, "तेच म्हणतो मी. लक्ष कामावर नाही."

ह्या सगळ्यामुळे ताईने एवढ्या वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट धड पाहिलेला नाही. गळ्यात पडण्याची वेळ यायची तेव्हा आमचं घर कुठल्या तरी कलमावर अडकलेलं असायचं.

सगळ्यात मोठं कलम एकच होतं. सिनेमातली माणसं पाण्यात नाहीतर धुरात धावत सुटली, बादल्या ओतायला लागली, पडलेलं सामान उचलायला लागली, की भावजी मांडीवर थाप मारायचे. "मेले. हात लावला. आता पुरावाच गेला." मग आमच्याकडे वळून विचारायचे, "घरात नुकसान झालं तर काय करायचं?" भाची पाढा म्हणावा तसं म्हणायची, "हात लावायचा नाही." "किती वेळ?" "सर्व्हेअर येईपर्यंत." भाचीबरोबर ताई म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हणायची. लहान पोरीच्या पाढ्यात सूर मिसळताना बरं वाटतं. तो आपल्याच अंगात मुरतोय हे लक्षात येत नाही.

ताई कागदाच्या लगद्याचे मुखवटे करते. आधी शाळेतल्या नाटकांपुरते करायची, कोणी आणलं तर आणलं. ह्या वर्षी मात्र मुलांच्या नाटकमंडळीने तिला सगळं जंगल करायला सांगितलं: अस्वल, घुबड, ससा, कोल्हा, कासव, आणि डोक्यात घालायचे, मुलांना आतून श्वास घेता येईल असे. सुट्टी संपली की नाटकाचा पहिला प्रयोग. जाहिरातीच्या फलकावर खाली, लहान अक्षरांत का होईना, तिचं नाव छापलेलं. ताई तो फलक बघायला दोनदा चौकात गेली, आणि दुसऱ्यांदा मला घेऊन गेली. ताईला आयुष्यात काही मागताना मी फारसं पाहिलेलं नाही, पण ह्या कामात तिचा जीव किती अडकला होता ते तिथे उभं राहून कळलं.

मुखवटे जिन्याखालच्या खोलीत होते. खोली कसली, झाडू ठेवायची जागा; तिथे जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून तिने सगळं जंगल वाळत घातलं होतं. लगदा वाळल्यावर रंग, रंगावर वॉर्निश, मग त्यांना कशाचं भय नाही. पण ही गोष्ट घडली त्या दिवशी ते अजून उघडे होते. आमच्यासमोर ती जपून दार उघडायची आणि म्हणायची, "लांबूनच बघा. ओला हात लागला तरी सुटेल."

भाची सुट्टीला आली, सोबत जावई. लग्नानंतरची त्यांची पहिली सुट्टी. जावई गावातल्याच बेकरीत काम करतो, आणि बेकरीला सुट्टी नसते. पहाटे सगळं जग झोपलेलं असताना हा पीठ मळत असतो, त्यामुळे संध्याकाळी जिथे टेकेल तिथे झोपतो. भावजींचा त्याच्यावर पहिल्यापासून जरा रागच. एकदा त्याने त्यांना सांगितलं होतं की बेकरीत छोटी आग लागली तेव्हा त्याने ओलं पोतं टाकून ती विझवली. भावजी म्हणाले, "म्हणजे हात लावलात." तो बिचारा म्हणाला, "हो, दोन्ही."

त्या संध्याकाळी ताईने भावजींना बोलावून समोर बसवलं. "अहो, माझं एक ऐका. मुखवटे घडवून झाले, आता नुसते वाळायचेत. आज मला एक सिनेमा अथपासून इतिपर्यंत बघायचाय. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"मी बोलतो कुठे? मी फक्त..."

"फक्तसुद्धा नाही. बोललात तर मी उठून जाईन."

भाचीने रिमोट त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवला. भावजींनी ओठ मिटले. त्यांचा चेहरा असा झाला की कोणी घशात चमचा घालून तपासतंय.

सिनेमा दोन बहिणींचा होता. आईवडिलांचं घर विकायला दोघी सुट्टीत एकत्र येतात, भांडतात, आणि थोरली टबात पाणी सोडून जुनी पत्रं वाचत बसते. टब भरतो, वाहतो, खालच्या दिवाणखान्यात छतातून पाणी गळायला लागतं. असल्या प्रसंगी भावजी एरवी अर्ध्या वाटेत उठलेले असतात. आज ते खुर्चीचे हात पकडून बसले. नाकपुड्या फुगल्या, पण तोंड बंद. ताईने माझा हात हळूच दाबला. तिला इतकी खुशीत मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. जावई कोचावर डोकं मागे टाकून घोरत होता.

पडद्यावर पाणी वाहत होतं, त्याचा आवाज खोलीभर होता. थोड्या वेळाने भावजींनी एक बोट वर केलं, शाळेत मूल करतं तसं.

"बाबा, नाही," भाची म्हणाली.

त्यांनी बोट जिन्याकडे वळवलं.

"बाबा, आईला शब्द दिलाय तुम्ही."

बोट खाली आलं. मला वाटलं, आता ह्यांनी हातवारे सुरू केले, म्हणजे ओठांचं कुलूप हातांनी उघडायचा बेत आहे. पण भावजींनी आयुष्यभर फुटलेले नळ पाहिले आहेत. टीव्हीतलं पाणी कुठलं आणि घरातलं कुठलं ते त्यांच्या कानांना कळलं होतं. आम्हाला कळलं तेव्हा सिनेमातल्या थोरलीने टबाचा नळ बंद केला होता आणि पाण्याचा आवाज तरीही येत होता.

जिन्यावरून पाणी उतरत होतं. घाई नाही, गडबड नाही. एक पायरी भरायची, काठावरून सांडायची, मग पुढची.

आता ऐका, आम्ही काय केलं. मी, जी रोज चार लोकांना वेळेवर ब्रेक दाबायला शिकवते. भाची, जी एका कारखान्यात पन्नास माणसांवर देखरेख करते. आणि ताई. आम्ही तिघींनी पाय वर घेतले. पायावर पाय घेऊन, हात मांडीत धरून, आम्ही सगळ्या भावजींकडे बघायला लागलो. घरात सर्व्हेअर होता. सर्व्हेअरने बघितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. हे कोणी मोठ्याने म्हटलंसुद्धा नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं.

आणि भावजी आमच्याकडे बघत होते. त्यांना बोलायला बंदी होती. आता बोलले असते तर कोण त्यांना उठून जाईन म्हणणार होतं? पण त्यांचाही एक हट्ट असतो. तुम्हीच गप्प बसवलंत ना, मग आता तुम्हीच बोलायला सांगा, असा तो चेहरा. तो चेहरा मी ओळखते, त्यावर मला आजही दोन द्याव्याशा वाटतात.

आम्ही सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण आधी कोणी, ह्यात वेळ गेला. तेवढ्यात सिनेमातल्या बहिणी भांडून, रडून, समेट करून मोकळ्या झाल्या. पाणी गालिच्याखालून आलं आणि कोचापाशी पोचलं. सगळ्या घरात एकाच माणसाचे पाय जमिनीवर होते, तो जागा झाला.

"पाणी कुठून येतंय?" जावई म्हणाला.

"वरून," भाची म्हणाली.

"मग?" तो उठायला लागला.

आणि आम्ही तिघी एका सुरात म्हणालो, "हात लावायचा नाही."

तो थांबला. नवा जावई, सासरचं घर, सासू आणि मावससासू दोघी समोर पाय वर घेऊन बसलेल्या. त्याला वाटलं असेल, ह्यांच्यात काही रीत असेल. त्याने जरा वेळ वाट पाहिली. मग विचारलं, "का?"

का, ते कोणालाच सांगता येईना. त्या मुलाने आमच्याकडे एकदा नीट पाहिलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भिजत जिन्याने वर गेला. क्षणात वरून त्याची हाक आली, "मुख्य कॉक कुठे आहे?" तेव्हा कुठे ताईच्या तोंडातून शब्द फुटला. तिने जागा सांगितली आणि सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं, जिन्यावरचं पाणी जिन्याखालीही जात असणार. ती खोलीकडे धावली. तिला धावताना मी शाळेत असताना पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

जंगल बसलं होतं. बसलं म्हणजे खरंच खाली बसलं होतं. जमिनीवर जागा न पुरल्यामुळे कासव कडेला एका डब्यावर होतं, ते वाचलं, आणि कोल्ह्याचं अर्धं तोंड. सशाचे कान गळून पडले होते. अस्वलाचं डोकं वर्तमानपत्राला चिकटून त्याचा परत लगदा झाला होता, त्यात काल-परवाच्या बातम्याही मिसळल्या होत्या. ताईने घुबड उचललं, ते तिच्या दोन्ही हातांतून खाली आलं.

आता भावजींना कोणी बोलायला सांगितलं नव्हतं, पण ते सुटले. खिशातून विजेरी काढली, फोन काढला, दारात उभे राहिले. "थांबा. कोणी आत येऊ नका. आधी फोटो होऊ देत." त्यांनी जमिनीचा फोटो काढला, भिंतीवरच्या ओलीच्या रेघेचा काढला, ताईच्या हातांचाही काढला. तोंडाने चालूच, ओलीची उंची इतकी, पाण्याचा उगम वरचा मजला, बाधित वस्तू कागदी. त्यांच्या आवाजात मला समाधान ऐकू आलं, हे मी शपथेवर सांगते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका घराने त्यांचं सगळं तंतोतंत ऐकलं होतं.

जावई ओलाचिंब होऊन खाली आला. हातात एक नळी. "धुलाई यंत्राची आहे," तो म्हणाला. "टोकाला क्लिप नव्हती. सुतळी बांधलेली होती."

सगळ्यांनी भावजींकडे बघितलं. कारण त्या घरात परवानाधारक मिस्त्री कधी येत नाही. लहानसहान कामं भावजी स्वतः करतात.

"सुतळी तात्पुरती होती," भावजी म्हणाले.

ताईने हातात उरलेला लगदा हळूच जमिनीवर ठेवला. जावयाने वातावरण सावरायचं म्हणून, अगदी भल्या मनाने विचारलं, "बाबा, कंपनीला आजच कळवायचं ना? विम्याचं?"

भावजींनी विजेरी बंद केली.

"आजच कळवा," ताई म्हणाली. "सगळं जसंच्या तसं आहे. आम्ही कशालाही हात लावलेला नाही."

भावजी फोन खिशात घालायला लागले. खिसा सापडेना.

"अहो?"

"आपल्या घराचा विमा नाहीये," भावजी म्हणाले.

मी गाडीत बसून पुष्कळ धक्के खाल्ले आहेत, पण असा नाही. भाची पुढे झाली. "बाबा, तुम्ही दर वर्षी म्हणायचात, घराचं मी बघितलंय."

"बघितलंच होतं. बघितलं आणि ठरवलं, नको. अगं, मी ह्या धंद्यातला माणूस. विमा काढून शेवटी काय हातात पडतं ते मला माहीत नाही का? मीच तर..." आणि ते थांबले. 'मीच तर' च्या पुढे काय आहे ते आमच्याइतकंच त्यांच्याही लक्षात आलं असावं.

"आणि काका, समजा विमा असता," जावई म्हणाला. बाबांचा काका झाला होता, ते माझ्या कानाने टिपलं. "तर पाणी बंद नाही करायचं? असा नियम आहे?"

भावजी भिंतीकडे बघत होते. "करायचं असतं. नियमात पुढे आहे तसं. नुकसान वाढू नये म्हणून मालकाने योग्य ती काळजी घ्यावी."

"हे पुढचं आम्हाला कधी सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"सिनेमात ते कधी लागलं नाही."

"आणि कामावर? तिथे कुठलं वाक्य लावता?"

ते बोटांची पाठ भिंतीवरून फिरवायला लागले. उत्तराची गरज नव्हती, मी इतकी भोळी नाही. ज्याने हात लावला त्याला पहिलं वाक्य, आणि ज्याने नाही लावला त्याला दुसरं. बुटाची नाडी बांधता बांधता दोन्ही वाक्यं सारखीच सोपी.

ताईचं बोलणं मला अजून ऐकू येतं. ती ओरडली नाही. ती ओरडली असती तर भावजींना बरं वाटलं असतं, त्यांना ओरडणाऱ्या माणसांची सवय आहे. ती म्हणाली, "मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. माझी खोली इथून चार पावलांवर. तुमच्यावर विश्वास ठेवून बसले होते." मग तिने हात पदराला पुसले, भाचीला म्हणाली, "सिनेमा मागे घेऊन लाव. शेवट राहिलाय."

आणि आम्ही पाण्यात बसून तो शेवट पाहिला. शेजारीपाजारी बादल्या, शिड्या, रंगाचे डबे घेऊन येतात, दोन्ही बहिणी घर न विकायचं ठरवतात, सगळे गळ्यात पडतात. भावजी उभेच होते. त्या शेजाऱ्यांत परवानाधारक कोण, हे त्यांनी विचारलं नाही. ताईने नावांच्या पाट्या संपेपर्यंत सगळं पाहिलं. मग ती उठली आणि झाडू आणायला गेली. झाडू अस्वलाच्या मागे होता.

आमच्याकडे शेजारीपाजारी बादल्या घेऊन आले नाहीत. त्यांच्या घरी त्यांची सुट्टी चालू होती. दुसऱ्या दिवसापासून जावई पहाटेचं पीठ मळून झालं की यायचा आणि त्याच हातांनी लगदा मळायचा. त्याचा हात ह्या कामाला चांगला बसला. भाची कागद फाडायची. मी गाडी शिकवून यायची आणि सांगतील ते करायची. रंग वाळायला वेळ पुरणार नाही हे ताईला माहीत होतं, तरी जमणार नाही असं कळवायला तिने नाटकमंडळीला फोन केला नाही. फलक बघायला मात्र ती परत चौकात गेली नाही. नाही म्हणायची तिच्यात हिंमत नव्हती असं नाही. तिला ते जंगल उभं करायचंच होतं.

भावजींना कोणी कामाला बोलावलं नाही. पहिले दोन दिवस ते वरच्या मजल्यावर होते. त्यांनी धुलाई यंत्राला खरीखुरी क्लिप लावली, आणि त्यासाठी खराखुरा मिस्त्री आणला. तिसऱ्या दिवशी ते खाली आले आणि कोणाला न विचारता कोपऱ्यात स्टूल घेऊन बसले. वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवायच्या आणि फुग्यावर चिकटवायच्या, एवढं बघून बघून त्यांना समजलं होतं. त्यांनी अस्वल घ्यायचं ठरवलं. सगळ्यात मोठं नुकसान त्यांनीच उचलायला हवं, असा त्यांचा काही हिशेब असावा. सिनेमे टीव्हीवर चालूच होते. एकात छप्पर उडालं, एकात भट्टी फुटली. भावजींनी मान वर केली नाही. त्यांच्या बाह्यांना, चष्म्याला, कपाळाला खळ लागलेली, आणि हात लावल्याशिवाय होणारं काहीच त्या खोलीत नव्हतं.

अस्वल झालं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांवर धरून ताईसमोर आणलं. एक कान वर, एक कान बराच खाली. नाक घुबडाचं होऊ शकलं असतं. ते उभे राहिले. निकाल ऐकायला उभं राहण्याची त्यांना सवय नव्हती, हात कुठे ठेवायचे हेच कळत नव्हतं, आणि हातांत तर अस्वल.

"हे चालेल का?" त्यांनी विचारलं.

ताईने त्यांच्याच खिशातली विजेरी काढली. अस्वलाच्या आत उजेड टाकून बघितला, बोटांची पाठ गालांवरून फिरवली, खालचा कान जरा हलवून पाहिला. कान तिच्या हातात आला.

"नामंजूर," ताई म्हणाली.

खोलीत कोणी हसलं नाही. भावजींनी कानाकडे पाहिलं, मग ताईकडे. मी त्या माणसावर वर्षानुवर्षं चिडत आले आहे, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून जे निघालं ते मला ऐकवलं नाही, कारण ते ज्या आवाजात निघालं तो आवाज मी लोकांच्या दारात ऐकलेला होता.

"कारण काय?" भावजी म्हणाले.

ताई खाली वाकून पुढचा फुगा फुगवायला बसली. मान वर न करता तिने सांगितलं, "कारण पत्राने कळवू."

भावजींनी तो कान खिशात घातला, स्टूल ओढलं आणि वर्तमानपत्राची पहिली पट्टी फाडायला घेतली.